सासूबाईंचा उजवा पाय

माझ्या सासूबाई गाडी चालवत असतात तेव्हा वेग दाखवणारा काटा हलत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला वाटलं, काटा अडकलाय. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. न हलणारा काटा दिसला की आधी उपकरण बंद पडलंय असं धरायचं, ही आमच्याकडची शिस्त. पण पुढच्या वळणावर काटा शहाण्या मुलासारखा खाली आला आणि वळण संपल्यावर पुन्हा चाळिसाच्या रेघेवर जाऊन बसला. चाळिसाच्या आसपास नव्हे, रेघेवर. माझा नवरा गाडी चालवतो तेव्हा हाच काटा पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा तडफडत असतो. मी चालवते तेव्हा तो या दोघांच्या मधे कुठेतरी, म्हणजे सर्वसाधारण माणसासारखा वागतो.

हे सगळं सासूबाईंच्या उजव्या पायामुळे. त्यांचा जन्म शिलाई मशीनवर गेला. विजेच्या मशीनचं पेडल मोठं चुगलखोर असतं. पाय जरा जड पडला की सुई सुसाट सुटते आणि कॉलरचा कान वाकडा होतो. सासूबाई शाळांचे गणवेश शिवायच्या. एका वर्गाच्या कॉलरी एकसारख्या व्हायच्या तर पायाला मन असून चालत नाही. सासरे गेल्यावर, लोक गाडी विकायचा सल्ला देत असताना, त्या गाडी शिकल्या. शिकवणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, "बाई, आधी काय चालवत होतात?" "घर," सासूबाई म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा त्या टेकडीवरच्या महिला वसतिगृहात शिवण शिकवायला जातात. वसतिगृहापर्यंत बस जात नाही. रस्ता एकच, लांबलचक, एकसारख्या चढाचा, आणि सासूबाई तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत चाळीसच्या वेगाने चढतात.

चढायच्या, असं म्हणायची वेळ आली ती एका दुपारी.

त्या दुपारी त्या उशिरा घरी आल्या. किल्ली खुंटीला लावली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आज गाडीने मला भर चढावर उभं केलं."

"बंद पडली?" नवऱ्याने विचारलं.

"बंद पडली असती तर बरं. चालू होती आणि चालत नव्हती. पाय दाबते, दाबते, ढिम्म. पिवळा दिवा लागला आणि गोगलगायीसारखी सरपटायला लागली. मागे हा मोठा ट्रक. तो हॉर्न वाजवतोय आणि मी कडेला जातेय. इंजीन बंद करून पुन्हा चालू केलं तर जसं काही झालंच नाही. निमूट चढली."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तोच चढ दोनदा चढून पाहिला. गाडी अशी धावली की वरून येताना तो शीळ घालत होता. पुढच्या शिवणवर्गाला सासूबाईंना पुन्हा तोच अनुभव. मग कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने गाडी नेऊन पाहिली. काही नाही. त्याने इंजिनाची हवा आत घेणारी झडप साफ केली, प्लग बदलले, आणि "आता बाईंना विमानासारखी वाटेल" असं सांगितलं. बाईंना ती पुन्हा गोगलगायीसारखी वाटली.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. जुन्या गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत एक तार असे. पाय दाबला की तार ओढली जाई, झडप उघडे, मामला संपला. आताच्या गाड्यांत तार नाही. आता पेडल दाबणं म्हणजे अर्ज करणं. हा अर्ज गाडीतल्या कॉम्प्युटरकडे जातो. कॉम्प्युटर हा मुळात संशयी कारकून. पाय नक्की किती दाबला हे तो पेडलमधल्या दोन वेगवेगळ्या साक्षीदारांना विचारतो. दोघांची साक्ष जुळली तर अर्ज मंजूर. नाही जुळली तर तो खरं काय याची चौकशी करत बसत नाही. भलतीच गती देण्यापेक्षा न दिलेली बरी, असं म्हणून तो पिवळा दिवा लावतो आणि घरी सरपटत जाण्यापुरती ताकद ठेवतो. इंजीन बंद करून चालू केलं की नवा अर्ज, नवी सुनावणी. यात दुष्टपणा नाही. उलट, माणसं वाचवण्यासाठीच ही व्यवस्था केलेली आहे. फक्त मागे ट्रक असताना हे पटत नाही.

हे ज्ञान मला तेव्हा नव्हतं. तेव्हा मला फक्त माझी पद्धत माहीत होती, आणि पद्धतीनेच घात केला. मी रजा काढून स्वतः गाडी त्या चढावर नेली. सकाळी नेली, भर उन्हात नेली, टाकी भरून नेली, टाकी रिकामी होत आल्यावर नेली. एकदाही काही झालं नाही. गाडी तीच, रस्ता तोच, पेट्रोल तेच. बदलणारा घटक एकच उरला, आणि तो घटक त्या वेळी आत बसून ब्लाउजच्या बाहीला अस्तर लावत होता.

हा निष्कर्ष मी कुणाला सांगितला नाही. "अजून थोडी निरीक्षणं हवीत," एवढंच म्हणाले. धीर नसलेल्या माणसाला शास्त्राने दिलेलं याहून उपयोगी वाक्य मला माहीत नाही.

पण निष्कर्षाला माझी गरज नव्हती. माझ्या नणंदेने, म्हणजे ताईंनी, तो फोनवरूनच काढला. "अरे, आईचं वय बघ," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "पाय कुठे पडतोय ते कळत नसेल. उद्या काही झालं तर? तू तिच्याजवळ राहतोस, तूच बोल. किल्ली काढून घे."

"बोलतो," नवरा म्हणाला.

तो खरंच बोलायला जायचा. मी स्वतः पाहिलंय. घसा खाकरायचा, शर्टाची बाही नीट करायचा, आईसमोर खुर्ची ओढून बसायचा.

"आई, मला तुझ्याशी जरा बोलायचंय."

"बोल की."

"हे बघ, आई, प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते."

"बरं."

"म्हणजे... पंख्याचा आवाज येतोय का गं?"

पंख्याला त्या महिन्यात तीनदा तेल मिळालं. शिवाय दाराची बिजागरी, नळाचा वॉशर आणि सासूबाईंच्या मशीनचा पट्टा अशी कितीतरी कामं या न झालेल्या संभाषणातून मार्गी लागली. सासूबाईंना सगळं कळत होतं. एकदा त्या मला म्हणाल्या, "त्याला अजून थोडे दिवस धीर होऊ नये. बाथरूमची खिडकी राहिलीय."

तोवर बातमी जिन्यात पोहोचली होती. आमच्या वर राहणारे काका वीज खात्यातून निवृत्त झालेत. जगातल्या सर्व दुःखांचं मूळ खराब अर्थिंगमध्ये आहे असं त्यांचं मत आहे, आणि खाली येताना ते हातात पाना घेऊनच आले.

"गाडीला अर्थिंग नसतं, काका," मी म्हटलं.

"तेच तर!" काका म्हणाले.

समोरच्या वहिनींचं मत वेगळं होतं. "माझ्या चुलत दिरांच्या गाडीचं अस्संच झालेलं. शेवटी टाकीत उंदीर निघाला."

"पेट्रोलच्या टाकीत?"

"टाकीत नाही हो, वायरींत. पण संशय आधी टाकीवर होता ना."

वहिनींच्या बोलण्याला उलट प्रश्न विचारू नये हे मला ठाऊक होतं, तरी माझ्या तोंडून गेलं. त्यानंतर आमच्या गाडीत उंदीर आहे हे इमारतीत सर्वमान्य झालं.

शेवटी आम्ही गाडी मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे काचेची दारं होती, थंडगार हवा होती आणि टाय लावलेला एक सल्लागार होता. त्याने गाडीला स्कॅनर जोडला, पडदा आमच्याकडे वळवला आणि अभिनंदन केल्यासारखा म्हणाला, "एकही दोष नोंदलेला नाही."

"पण दोष आहे," मी म्हटलं.

"असता तर गाडीच्या मेमरीत राहिला असता, मॅडम. गाडी विसरत नाही."

"मग सासूबाईंना चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. दोष दिसेल."

"तसं चालत नाही. इथून गाडी बाहेर काढताना कर्मचाऱ्यानेच चालवायची. विम्याचा प्रश्न असतो."

"कर्मचारी चालवतात तेव्हा दोष येत नाही."

"मग दोष नाही."

"आणि दोष नसेल तर?"

"सुटा भाग मागवता येत नाही. दोष आमच्यासमोर यावा लागतो."

मी शांत माणूस आहे. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी काचेची भांडी फुटली तरी मी वळून पाहत नाही. पण दोष फक्त सासूबाईंना दिसतो आणि सासूबाईंना गाडी चालवू द्यायची नाही, या व्यवस्थेतली तार्किक सफाई पाहून माझे कान तापले. त्यात सल्लागाराने आवाज हळू केला, तोही सासूबाईंना नीट ऐकू जाईल इतपतच. "कधीकधी काय होतं, वयस्कर लोक दोन्ही पाय एकदम ठेवतात..."

सासूबाईंनी आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं. हे वाईट लक्षण होतं.

परत येताना माझं लक्ष गाडीतल्या घड्याळाकडे गेलं. ते बाराच्या आकड्यावर लुकलुकत होतं. वाजले होते चार. महिनाभरापूर्वी मेकॅनिककडे नेली तेव्हाही ते असंच बारा दाखवत होतं, आणि मीच ते जुळवलं होतं.

"घड्याळ कुणी बिघडवलं?" मी विचारलं.

"बिघडलं नाही गं," नवरा म्हणाला. "काका बॅटरीची वायर काढतात ना."

"कधी?"

"दाखवायला न्यायच्या आदल्या दिवशी. वायर काढून रात्रभर ठेवतात. ते म्हणाले, गाडीला जरा विश्रांती मिळते, सिस्टिम स्वच्छ होते. दाखवायला न्यायची तर बरी दिसायला हवी."

मी डोळे मिटले. गाडी विसरत नाही हे खरं होतं. पण बॅटरी काढली की ती बाकीच्या जगासकट स्वतःचे दोषही विसरते. आमचं घर असं आहे की कामवाली येणार म्हणून आम्ही आधी केर काढतो, आणि डॉक्टरकडे जाताना रोग्याला ताप उतरायची गोळी देतो. त्याच सद्भावनेने आम्ही प्रत्येक वेळी गाडीची साक्ष पुसून, तिला न्हाऊमाखू घालून, कोर्टात उभी केली होती.

काकांच्या हातून पाना काढून घेणं अवघड गेलं. त्यांनी तो दिला, पण दोन दिवस जिन्यात माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच संध्याकाळी सासूबाई माझ्याकडे सुई घेऊन आल्या. दोरा त्या स्वतःच ओवतात, म्हणून मी समजले की काम दुसरं आहे.

"एक विचारते. खरं सांगशील?"

"विचारा ना आई."

"माझा पाय गेलाय का?"

मला 'छे हो' म्हणता आलं असतं. कुणीही म्हटलं असतं. पण त्या मला विचारायला आल्या होत्या, कारण मी ते म्हणणार नाही हे त्यांना माहीत होतं.

"मला अजून माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. उत्तर त्यांना आवडलं असावं. "मग शोधून काढ. पाय गेला असेल तर मी आपण होऊन किल्ली ठेवेन. वसतिगृहातल्या बायकांना सांगेन, दुसरी बाई बघा. पण ते मला त्या टायवाल्याने सांगायचं नाही. लेकाने तर नाहीच, तो पुन्हा पंखा खोलेल. तू सांगायचंस. काय असेल ते, एका वाक्यात."

"सांगेन," मी म्हटलं. त्या क्षणापासून नवऱ्याचं न झालेलं संभाषण माझ्या गळ्यात पडलं.

पुढच्या वर्गाला मी त्यांच्या शेजारी बसले. रस्त्याकडे पाहिलं नाही. पायथ्यापासून त्यांच्या उजव्या पायाकडे पाहत होते. साधी सपाट चप्पल, टाच जमिनीवर टेकलेली, चवडा पेडलवर. चढ सुरू झाला, चवडा किंचित खाली गेला आणि तिथे थांबला. मी आयुष्यात पुष्कळ स्थिर गोष्टी पाहिल्यात. तराजू स्थिर व्हावा म्हणून श्वास रोखून बसणं हे माझं कामच आहे. पण जिवंत माणसाचा अवयव इतका स्थिर मी पाहिला नव्हता. रस्त्याला खड्डा आला, गाडी हलली, आम्ही दोघी हललो. पाय हलला नाही. बघता बघता मी कशासाठी आलेय तेच विसरले.

आणि पिवळा दिवा लागला. इंजिनाने सुस्कारा सोडला, गाडी सरपटू लागली.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "आला."

पाय जिथे होता तिथेच होता.

मी शेजारी बसून राहिले आणि मला आमच्या प्रयोगशाळेतली शेगडी आठवली. विजेची, गोल बटण फिरवून आच कमीजास्त करायची. गेली कित्येक वर्षं आम्ही ती एकाच खुणेवर ठेवत आलो, कारण आमच्या कामाला तेवढीच आच लागते. आता त्या खुणेवर ती लागत नाही. खुणेच्या अलीकडे लागते, पलीकडे लागते. नेमकं तिथे नाही. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना एकाच जागी खरखर यायची, तसंच. जी जागा सगळ्यात जास्त वापरली, तीच झिजते.

पेडलमधल्या त्या दोन साक्षीदारांबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि रविवारी सकाळी मी गाडीत पेडलपाशी आडवी होऊन ते सोडवलं. तीन नट आणि एक प्लग, बस्स. नवरा बाहेरून "जपून" म्हणत होता. ते त्याने मला उद्देशून म्हटलं की पेडलला, हे मी विचारलं नाही. पेडल एका फळीला आवळून आम्ही जेवणाच्या टेबलाखाली ठेवलं. दोन साक्षीदारांसाठी दोन मीटर हवे होते. एक माझ्याकडे होता. दुसऱ्यासाठी मी वर गेले.

काकांनी दार अर्धंच उघडलं. "काय?"

"काका, तुमचा तो काट्याचा मीटर लागेल. आकड्यांचा नको, काट्याचाच. तो फक्त तुमच्याकडे आहे."

काका माझ्याआधी खाली पोहोचले.

वहिनी उंदीर निघणार या अपेक्षेने आल्या होत्या. ताईही त्याच दिवशी येऊन थडकल्या होत्या, कारण भावाच्या घशाचं काही होणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. मी वायरी जोडल्या आणि नवऱ्याला बसवलं. त्याने पेडल दाबलं. दोन्ही मीटर एका झेपेत वर गेले. काहीच दोष नाही. काकांनी दाबलं, तेच. ताईंनी दाबलं, तेच.

"चप्पल काढू का?" वहिनींनी विचारलं.

"काढा."

वहिनींनी नमस्कार केल्यासारखं हलकेच पेडल दाबलं आणि दचकून एकदम खाली नेलं. तेच.

"आई, आता तुम्ही," मी म्हटलं. "चढावर ठेवता तसा पाय ठेवा."

"चढ कुठाय इथे?"

"समजा आहे."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. टाच टेकवली. समोरच्या भिंतीकडे अशा पाहू लागल्या, जणू तिथे रस्ता आहे. काट्याच्या मीटरचा काटा उठला आणि हळूहळू, एकसारखा, एकही गचका न खाता वर सरकू लागला. काका खुर्चीतून पुढे वाकले. अर्ध्या वाटेच्या जरा अलीकडे काटा एकदम पडला. पूर्ण, शून्यावर. पाय केसभर पुढे सरकला, काटा पुन्हा उठला. दुसरा मीटर या सगळ्यात बिनबोभाट चालूच होता. एक साक्षीदार बोलत होता, दुसऱ्याची वाचा त्या एका जागी बसत होती.

"पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा. त्याच जागी. पुन्हा, त्याच जागी.

"आम्ही दाबलं तेव्हा का नाही पडला?" नवऱ्याने विचारलं.

"तू उडी मारून पलीकडे जातोस," मी म्हटलं. "ती जागा इतकी बारीक आहे की तिच्यावर उभं राहायला आईंसारखा पाय लागतो. गाडीच्या थरथरीत पेडल वर्षानुवर्षं तेवढ्याच जागी घासलं गेलंय. येऊनजाऊन पायवाट पडते ना, तशी."

"म्हणजे आईंनीच बिघडवली!" वहिनी म्हणाल्या.

"बिघडवली नाही हो, झिजवली," काका म्हणाले. ते सासूबाईंच्या पायाकडे पाहत होते. "नोकरीत पुष्कळ काटे पाहिले मी. असा चढलेला काटा नाही पाहिला."

सासूबाई मात्र माझ्याकडे पाहत होत्या. "म्हणजे माझ्याच पायाने झालं ना?"

"झालं पायानेच. पण पाय बिघडल्यामुळे नाही, न बिघडल्यामुळे."

"मग ठरलं?"

मी तोंड उघडलं. ते एक वाक्य तिथेच होतं. पण ताई हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि मला माझ्या शिक्षणाने दगा दिला. "नवीन पेडल बसवून चढावर पाहिल्याशिवाय तसं म्हणता येणार नाही," मी म्हटलं.

"तुझ्या चाचण्या संपेपर्यंत मी म्हातारी होईन," सासूबाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला उठल्या.

सर्व्हिस सेंटरला पेडल परत गाडीत बसवून नेलं. यावेळी घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं आणि मेमरीत नोंद होती: पेडलच्या दोन सिग्नलांचा मेळ नाही. टायवाल्याने स्वतः पेडल दाबून पाहिलं, अर्थातच धाडकन. "आत्ता तर ठीक आहे," तो म्हणाला.

"गाडी बाहेर काढताना कर्मचारी लागतो," मी म्हटलं. "उभ्या गाडीत पाय ठेवायलाही कर्मचारीच लागतो का?"

तो विचारात पडला. नियमात तसं काही नव्हतं. सासूबाई आत बसल्या, इंजीन बंदच, फक्त किल्ली फिरवलेली. त्याने पडद्यावर आलेख लावला. दोन रेघा शेजारीशेजारी चढू लागल्या, इतक्या सरळ की त्याने आतल्या दोघातिघांना हाक मारली. मग एक रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली गेली. सासूबाईंनी पाय तिथेच धरून ठेवला, त्याचं बघून होईपर्यंत.

"बाई," तो म्हणाला. मॅडम नव्हे. "जरा पुन्हा दाखवाल? आमच्या साहेबांना बोलावतो."

साहेब आले. साहेबांनीही पाहिलं. सुटा भाग मागवला गेला. निघताना टायवाल्याने गाडीचं दार धरलं आणि सासूबाईंनी त्याला सांगितलं, "दोन्ही पाय एकदम ठेवत नाही हो मी. दुसरा पाय म्हातारपणासाठी राखून ठेवलाय."

नवीन पेडल बसल्यावर पुढच्या वर्गाच्या दिवशी आम्ही सगळे गाडीत बसलो. सासूबाई चालवायला, शेजारी मी, मागे नवरा, ताई आणि मधोमध मीटर मांडीवर घेऊन काका. मीटरचं काही काम नव्हतं. पण ते म्हणाले, असू दे.

चढ सुरू झाला. काटा चाळिसावर जाऊन बसला. जिथे ट्रकने हॉर्न वाजवला होता ते झाड आलं, ताईंनी दाराची कडी घट्ट धरली, आणि झाड मागे गेलं. इंजीन मांजरासारखं गुरगुरत होतं. माथ्यावर वसतिगृहाच्या फाटकात पाचसहा बायका कापडांचे तागे घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक ओरडली, "आल्या गं!" आणि मला समजलं की मधे काही वेळा सासूबाई अर्ध्या चढावरूनच परतल्या होत्या, वर्ग हुकले होते, आणि त्यांनी ते घरात सांगितलं नव्हतं.

त्यांनी गाडी उभी केली, इंजीन बंद केलं. पण उतरल्या नाहीत. किल्ली काढली, तळहातावर ठेवली आणि हात माझ्यापुढे धरला.

मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. "आई, मला असं वाटतं की..."

"तू थांब," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मी हिला विचारलंय."

"आज चढली गं आई," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता, घाबरलेला होता. "रोज चढेल कशावरून?"

प्रश्न योग्य होता. माझ्या मनात त्याला जोडायला आणखीही होते. एकाच फेरीवरून अनुमान काढता येत नाही. पेडल नवं आहे, पाय नवा नाही. कधीतरी गुडघा दुखेल, नजर मंदावेल, आणि तेव्हा हाच हात पुन्हा माझ्यापुढे येईल. या सगळ्या पुस्त्या बरोबर होत्या. फाटकातल्या बायका वाट पाहत होत्या. तळहात हलत नव्हता.

मी त्यांची बोटं किल्लीवर मिटवली.

"गाडी तुम्हीच चालवायची, आई."